‘चालू’ रकाना पुन्हा पुन्हा का तुंबतो? डेव्हलपरच्या वैयक्तिक कानबान बोर्डाचे समस्या निवारण

वैयक्तिक कानबान बोर्ड, म्हणजे कामांची कार्डे एका रकान्यातून दुसऱ्यात सरकवत नेण्याचा फलक, सुरू केल्यावर पहिले काही आठवडे सारे सुरळीत चालते आणि मग ‘करायचे’, ‘चालू’ आणि ‘झाले’ या तीन रकान्यांपैकी मधला रकाना फुगू लागतो, अशी तक्रार सॉफ्टवेअर डेव्हलपरांकडून वारंवार ऐकू येते. एका वेळी तीनच कामे हातात घ्यायची असे ठरलेले असते. प्रत्यक्षात तिथे सात-आठ कार्डे साचतात, त्यांतल्या निम्म्यांना आठवडाभर कोणी हात लावलेला नसतो, आणि तरीही एकही कार्ड मागे नेववत नाही, कारण प्रत्येकावर थोडेफार काम झालेले असते. मग एखाद्या शनिवारी बोर्डाची साफसफाई होते, जुनी कार्डे निघतात, मर्यादा नव्याने लिहिली जाते आणि महिन्याभरात रकाना पुन्हा होता तसा होतो.

याचे खापर सहसा स्वतःच्या शिस्तीवर फोडले जाते. माझ्या मते बहुतेक वेळा दोष बोर्डाच्या रचनेत असतो. तीन रकान्यांचा बोर्ड असे धरून चालतो की सुरू केलेले काम संपेपर्यंत आपल्याच हातात राहते आणि एकदा संपले की परत येत नाही. डेव्हलपरचे काम मात्र अर्ध्यावर रिव्ह्यू करणाऱ्याकडे (कोड तपासणाऱ्या सहकाऱ्याकडे), टेस्टरकडे किंवा डिप्लॉयमेंटच्या (प्रत्यक्ष वापरात आणण्याच्या) रांगेत जाते आणि ‘झाले’ म्हटल्यानंतरही शेरे, बग किंवा प्रॉडक्शनमधली, म्हणजे ग्राहक वापरत असलेल्या प्रणालीतली, तक्रार घेऊन परत येते. या दोन्ही हालचालींना बोर्डावर जागा नसेल तर ती कार्डे जाणार तरी कुठे? ती ‘चालू’मध्ये येऊन बसतात, आणि मर्यादा पाळण्याचा कितीही निर्धार केला तरी ती तिथेच राहतात.

आधी निदान, मग उपाय

बोर्ड साफ करण्याची घाई करू नये, कारण तुंबलेला रकाना हाच निदानाचा पुरावा असतो. ‘चालू’मधले प्रत्येक कार्ड घेऊन स्वतःला तीन प्रश्न विचारावेत: या कामाला मी शेवटचा हात कधी लावला, आत्ता हे काम नेमके कोणाच्या हातात आहे, आणि मी या क्षणी बसलो तर पुढची कोणती गोष्ट करीन? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर क्रियापदासह देता आले पाहिजे. ‘पेमेंटचे बघायचे’ हे उत्तर नव्हे. ‘परताव्याची रक्कम शून्य असतानाची टेस्ट लिहायची’ हे उत्तर आहे.

उत्तरांनुसार कार्डांचे गट पडतात. काही कार्डे खरोखर हातात असतात, काही दुसऱ्या कोणाच्या उत्तरासाठी थांबलेली असतात, काही एकदा पुढे जाऊन परत आलेली असतात, आणि उरलेल्यांविषयी ती का सुरू केली होती तेच सांगता येत नाही. या शेवटच्या गटासाठी वेगळा उपाय नाही. ती कार्डे ‘करायचे’मध्ये परत न्यावीत आणि आजवर झालेले काम कोडच्या कोणत्या ब्रँचवर (स्वतंत्र शाखेवर) आहे एवढे त्यावर लिहून ठेवावे. बाकीच्या गटांपैकी कोणता मोठा आहे त्यावर पुढचा उपाय ठरतो, म्हणून कार्डे हलवण्याआधी रकान्याचा एक फोटो किंवा स्क्रीनशॉट काढून ठेवणे उपयोगाचे ठरते.

एक कार्ड उदाहरणादाखल जवळून पाहू. त्यावर लिहिले आहे: ‘पावतीच्या पीडीएफमध्ये रुपयाचे चिन्ह चौकोन दिसते.’ कारण तासाभरात सापडते. ₹ हे चिन्ह केंद्र सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारले आणि त्याच वर्षी ते युनिकोडमध्ये (संगणकावरील अक्षरांच्या जागतिक प्रमाणात) आले; पीडीएफचे मूळचे १४ प्रमाण फाँट त्याहून खूप जुने असल्यामुळे त्यांत ते नाही. नोटो सान्ससारखा फाँट फाइलमध्ये समाविष्ट करायचा, एवढाच बदल असतो, आणि संध्याकाळपर्यंत पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये घेण्याची विनंती) टाकूनही होतो. इथून पुढे या कार्डाचे काय होते ते पाहण्यासारखे आहे. रिव्ह्यू करणारी सहकारी दुसऱ्या दिवशी विचारते की फाँटमुळे प्रत्येक पावतीचा आकार किती वाढतो. उत्तर म्हणून फाँटमधली फक्त वापरलेली अक्षरे समाविष्ट करण्याचा बदल करावा लागतो. पीआर मर्ज होतो (मुख्य कोडमध्ये मिसळतो), पण स्टेजिंगवर, म्हणजे प्रॉडक्शनआधीच्या चाचणीच्या सर्व्हरवर, टेस्टरला पुन्हा चौकोनच दिसतो, कारण फाँटची फाइल लॅपटॉपवर होती पण सर्व्हरवर चालणाऱ्या डॉकर इमेजमध्ये (प्रोग्रॅम आणि त्याला लागणाऱ्या फाइलींच्या गठ्ठ्यात) नव्हती. तेही दुरुस्त होते, आणि मग कोणीतरी म्हणते की ग्राहकाचे नाव मराठीत असेल तर ‘किशोर’मधली पहिली वेलांटी ‘क’च्या उजवीकडे पडते आहे. हा मुळात निराळा दोष आहे, कारण देवनागरीसाठी अक्षरांची जोडणी करणारे हार्फबझसारखे इंजिन लागते आणि अनेक पीडीएफ लायब्रऱ्या ती जोडणी स्वतः करत नाहीत. तरीही तो शेरा त्याच कार्डाखाली लिहिला जातो.

एका दुपारचे काम दोन आठवडे ‘चालू’मध्ये राहते ते असे. त्या दोन आठवड्यांत या कार्डावर प्रत्यक्ष काम फार थोडे तास झाले, दोनदा ते दुसऱ्यांच्या हातात होते, दोनदा परत आले आणि शेवटी त्याने दुसरे काम पोटात घेतले. तीन रकान्यांच्या बोर्डाला यातले काहीच दिसले नाही. त्याच्या लेखी कार्ड जागचे हललेच नाही.

हातात असलेले आणि थांबलेले वेगळे करणे

पहिली दुरुस्ती सर्वांना ठाऊक असते: ‘चालू’चे ‘हातात’ आणि ‘थांबलेले’ असे दोन रकाने करायचे. ती आवश्यक आहेच, पण बहुतेक जण तिथेच थांबतात आणि समस्या परत येते ती याच जागेवरून. ‘थांबलेले’ या रकान्याला मर्यादा नसेल तर तो घरातल्या माळ्यासारखा होतो: नकोसे झालेले, कंटाळा आलेले, अवघड वाटणारे सगळे तिथे टाकता येते आणि खालची खोली स्वच्छ दिसते. ‘हातात’ची मर्यादा कागदोपत्री पाळली जाते, पण अर्धवट कामांची एकूण संख्या वाढतच जाते.

एकूण संख्या का मोजायची, याला साधे गणित आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार एखाद्या व्यवस्थेत सरासरी किती कामे अडकलेली असतात, हे ती कामे किती वेगाने येतात आणि प्रत्येक काम सरासरी किती काळ आत राहते यांच्या गुणाकाराइतके असते. येण्याचा आणि संपण्याचा वेग दीर्घकाळात सारखा असेल तर आपल्या कामाला हे थेट लागू पडते. आठवड्याला चार कामे पूर्ण होत असतील आणि हातातली व थांबलेली मिळून आठ कार्डे बोर्डावर असतील, तर एक काम सुरू झाल्यापासून संपेपर्यंत सरासरी दोन आठवडे लागणारच. तोच वेग राखून अर्धवट कार्डे चारवर आणली तर तोच काळ एका आठवड्यावर येतो. नियमाला ते कार्ड कोणत्या रकान्यात आहे याच्याशी देणेघेणे नाही. (या नियमाचा आधार घेऊन कामे कमी केल्याने माणसाचा वेग वाढतो असेही सांगितले जाते, नियम तसे काहीही सांगत नाही, आणि ते खरे असले तरी त्यासाठी दुसरा पुरावा लागेल.)

म्हणून ‘थांबलेले’मध्ये जाण्यासाठी प्रवेशाची अट असावी. कार्डावर तीन गोष्टी लिहिल्याशिवाय ते तिथे जाऊ नये: ते कोणाकडे आहे, त्यांच्याकडून नेमके काय हवे आहे, आणि उत्तर आले नाही तर मी पुन्हा कधी विचारणार आहे. ‘रिव्ह्यूसाठी’ एवढे पुरेसे नाही. ‘रिव्ह्यूसाठी, फाँटच्या आकाराविषयीच्या उत्तरावर संमती हवी, बुधवारी दुपारी जेवणानंतर विचारायचे’ असे लिहिले की कार्ड स्वतःच आठवण करून देते. ज्या कार्डावर या तीन गोष्टी लिहिता येत नाहीत ते थांबलेले नसते. ते आपण टाळत असतो. अशा कार्डाची जागा ‘हातात’ किंवा ‘करायचे’ यांपैकी एकात आहे, आणि ते कोणत्या रकान्यात ठेवायचे हा निर्णय थोडा बोचतो, म्हणूनच तो लगेच घ्यावा.

दुसरी अट मर्यादेची. ‘थांबलेले’मध्ये चार कार्डे झाली की नवे काम ओढायचे नाही, त्या चारपैकी एखादे पुढे सरकवणे हेच पुढचे काम. इथे पुष्कळांचा आक्षेप असतो की रिव्ह्यू दुसऱ्याच्या हातात असताना आपण काय सरकवणार. सरकवण्यासारखे बरेच असते. आठशे ओळींचा पीआर तीन लहान पीआरमध्ये तोडता येतो, वर्णनात बदलाचे कारण आणि तपासण्याची पद्धत लिहिता येते, प्रश्न चॅटवर टांगत ठेवण्याऐवजी दहा मिनिटांच्या कॉलवर सोडवता येतो, आणि सर्वांत परिणामकारक म्हणजे ज्यांच्याकडे आपला पीआर अडकला आहे त्यांचा आपल्याकडे अडकलेला पीआर आधी पाहता येतो. आपले ‘थांबलेले’ बहुधा दुसऱ्याच्या तुंबलेल्या ‘चालू’चेच टोक असते.

काही थांबणे मात्र टळत नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे नऊ वाजतात तेव्हा पुण्यात तिथल्या उन्हाळी वेळेनुसार रात्रीचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा वाजलेले असतात. रिव्ह्यू करणारे तिकडे असतील तर शेऱ्यांच्या प्रत्येक फेरीला एक दिवस जातो, आणि तीन फेऱ्या म्हणजे तीन दिवस. हिंजवडीतल्या किंवा खराडीतल्या डेव्हलपरने अशा परिस्थितीत ‘थांबलेले’ची मर्यादा एक-दोनने वाढवणे वाजवी आहे, पण त्याहून अधिक फायदा फेऱ्या कमी करण्यात आहे. संध्याकाळी निघण्यापूर्वीचा शेवटचा अर्धा तास शेऱ्यांना उत्तरे देण्यासाठी राखून ठेवावा आणि ज्या प्रश्नाची दोन उत्तरे संभवतात तिथे दोन्ही पर्याय लिहून आपण कोणता निवडला हेही नमूद करावे. त्यामुळे पलीकडच्या माणसाला प्रश्न विचारून झोपी जाण्याऐवजी निर्णय देऊन मोकळे होता येते.

परत येणाऱ्या कामासाठी राखीव जागा

इतके करूनही मर्यादा मोडत असेल तर बहुतेक वेळा कारण परत येणारी कामे असतात. सकाळी ‘हातात’मधल्या तिन्ही जागा भरलेल्या असतात, अकरा वाजता टेस्टर चौकोनाचा स्क्रीनशॉट पाठवते आणि चौथे कार्ड आत येते. हे कार्ड नाकारता येत नाही, नाकारूही नये, कारण जवळजवळ संपलेले काम संपवणे हे नवे सुरू करण्याहून नेहमी अधिक मोलाचे असते. चूक चौथे कार्ड घेण्यात नाही. ते येणार हे ठाऊक असताना तिन्ही जागा भरल्या, तिथे चूक आहे.

म्हणून तीनची मर्यादा असेल तर नव्या कामासाठी दोनच जागा वापराव्यात आणि तिसरी परत येणाऱ्या कामासाठी मोकळी ठेवावी. हा सल्ला देणे सोपे आणि पाळणे जड, कारण रिकामी जागा म्हणजे वाया जाणारी क्षमता असे वाटते. रांगांच्या गणिताचे मत उलट आहे. काम करणारा एकच, कामे अनियमितपणे येणारी आणि त्यांना लागणारा वेळही तितकाच अनियमित, अशा सर्वांत साध्या प्रारूपात कामाचा भार क्षमतेच्या ८० टक्के असताना एका कामाला रांगेत सरासरी कामाच्या वेळेच्या चौपट थांबावे लागते. भार ९० टक्क्यांवर गेला की तेच नऊपट होते. डेव्हलपरचा दिवस या प्रारूपाइतका सरळ नसतो, पण भार पूर्ण क्षमतेजवळ गेला की रांग भारापेक्षा कितीतरी वेगाने वाढते हा त्यातला भाग आपल्यालाही लागू आहे. राखीव जागा दिवसभर रिकामी राहिलीच तर तिथे सहकाऱ्यांचे रिव्ह्यू किंवा तासाभरात संपणारी किरकोळ कामे घ्यावीत, म्हणजे परत आलेले कार्ड दारात उभे राहिले तर ती जागा लवकर मोकळी होते.

परत आलेल्या कार्डावर प्रत्येक वेळी एक खूण करावी: कागदी चिठ्ठी असेल तर कोपऱ्यात ठिपका, डिजिटल असेल तर लेबल. तीन ठिपके पडलेले कार्ड काहीतरी सांगत असते. कधी त्याचा अर्थ असा असतो की ‘झाले’ म्हणजे काय हे सुरुवातीला ठरले नव्हते, कधी असा की स्टेजिंग आणि आपला लॅपटॉप यांत फरक आहे, आणि कधी असा की कार्डाच्या पोटात दुसरे काम शिरले आहे. वेलांटीचा दोष हा या तिसऱ्या प्रकारचा. त्याचे नवे कार्ड करून ते ‘करायचे’मध्ये टाकावे, मूळ कार्डावर त्याचा उल्लेख करावा आणि रुपयाचे चिन्ह दिसू लागले की मूळ कार्ड ‘झाले’मध्ये न्यावे. तो दोष लहान आहे असा याचा अर्थ नाही, तो कदाचित अधिक गंभीरही असेल. पण त्याला रांगेत स्वतःची जागा मिळायला हवी, दुसऱ्याच्या पाठीवर बसून आत येता कामा नये.

मर्यादा आकड्यात नको, जागांत हवी

‘हातात: ३’ असे रकान्याच्या डोक्यावर लिहिणे ही मर्यादा नव्हे, ती इच्छा आहे. साधनांवरही विसंबता येत नाही. कामांची नोंद ठेवणाऱ्या जिरा या साधनात रकान्याची कमाल मर्यादा ओलांडली की रकाना लाल होतो आणि ट्रेलो या तशाच साधनात मर्यादेची पॉवर-अप (जोडसुविधा) लावली तर यादीचा रंग बदलतो, पण कार्ड आत येण्यापासून यांपैकी कोणीही अडवत नाही. लाल रंगाची सवय व्हायला फार दिवस लागत नाहीत.

मुळात कानबान ज्या कारखान्यांतून आले तिथे ही अडचण नव्हती. टोयोटामध्ये ताइची ओनो यांनी रुजवलेल्या पद्धतीत कार्ड हे कामाचे वर्णन नसून मागणीची परवानगी होती: पुढच्या टप्प्याने सुटे भाग वापरले की त्यांच्यासोबतचे कार्ड सुटून मागच्या टप्प्याकडे परत जाई आणि ते मिळाल्याशिवाय मागच्याने नवे भाग बनवायचे नसत. फिरत्या कार्डांची संख्या ठरलेली असल्यामुळे मर्यादा वेगळी लिहावीच लागत नसे. आपल्या बोर्डावर कार्ड म्हणजे काम स्वतःच, आणि नवे कार्ड बनवायला काहीच लागत नाही. २०११ मध्ये जिम बेन्सन आणि टोनिअ‍ॅन डिमारिया बॅरी यांनी वैयक्तिक कानबान पुस्तकरूपाने मांडले तेव्हा नियम दोनच ठेवले: काम डोळ्यांसमोर आणायचे आणि चालू कामावर मर्यादा घालायची. पहिला नियम चिठ्ठ्यांनी आपोआप पाळला जातो. दुसऱ्यासाठी फिरत्या परवानगीचे काहीतरी रूप बोर्डावर परत आणावे लागते.

पांढऱ्या बोर्डावर ते सहज जमते. तीन लोहचुंबक घ्यावेत, त्यांतला एक वेगळ्या रंगाचा, परत येणाऱ्या कामासाठी. ‘हातात’मधली चिठ्ठी चुंबकानेच लावायची, चिकट कडेने नव्हे. चुंबक शिल्लक नसेल तर चिठ्ठी लागतच नाही. (चिकट चिठ्ठ्या पंख्याच्या वाऱ्याने तशाही उडतात, त्यामुळे चुंबकांचा हा आणखी एक लाभ.) डिजिटल बोर्डावर ‘हातात’ हा एक रकाना काढून त्याजागी ‘पहिला हात’, ‘दुसरा हात’ आणि ‘परतीचे’ असे तीन अरुंद रकाने करावेत, प्रत्येकात एकच कार्ड. एका रकान्यात चौथे कार्ड सरकवताना काही वाटत नाही, पण ‘पहिला हात’मध्ये दोन कार्डे एकावर एक दिसली की खटकते. ही युक्ती पोरकट वाटते खरी. तरीही मोजून नियम पाळण्यापेक्षा नुसते पाहून पाळणे सोपे जाते, आणि दिवसभर कोडमध्ये बुडालेल्या माणसाकडून बोर्डासाठी याहून अधिक लक्षाची अपेक्षा करू नये.

बोर्डावर न येणारे काम

कधी कधी बोर्ड अगदी नीट दिसतो, हातात दोनच कार्डे असतात, आणि तरीही आठवडाभर काहीच ‘झाले’मध्ये जात नाही. अशा वेळी काम बोर्डाबाहेर चालले आहे असे समजावे. चॅटवर आलेले ‘एक मिनिट आहे का?’, नव्या सहकाऱ्याच्या मशीनवरचे सेटअप, मुलाखती आणि विशेषतः ‘याला किती दिवस लागतील?’ या प्रश्नाची उत्तरे यांना कोणी कार्ड करत नाही.

अंदाज देण्याचे काम किती क्षमता खाऊ शकते याचे उदाहरण कानबानच्याच इतिहासात आहे, आणि ते हैदराबादचे आहे. २००४-०५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत सॉफ्टवेअरची देखभाल करणाऱ्या, हैदराबादेत बसणाऱ्या एका तुकडीसाठी द्रागोश दुमित्रिऊ आणि डेव्हिड अँडरसन यांनी कामाची पद्धत बदलली. बदलाची प्रत्येक मागणी आली की हातचे काम सोडून तिचा अंदाज द्यायचा, अशी तिथे रीत होती, आणि त्यातच तुकडीचा बराच वेळ जाई. अंदाज देणे थांबवले, आत येणाऱ्या कामांची रांग मर्यादित केली, आणि मागणी पूर्ण होण्याचा काळ महिन्यांवरून आठवड्यांवर आला. सॉफ्टवेअरमध्ये कानबान रुजण्याची सुरुवात याच प्रयोगापासून धरतात.

वैयक्तिक पातळीवर अंदाज थांबवण्याची मुभा क्वचितच असते, पण ते दिसेल असे करता येते. एक आठवडा असे करून पाहावे: अर्ध्या तासाहून अधिक वेळ घेणारे प्रत्येक बिनकार्डाचे काम झाल्यावर लगेच वेगळ्या रंगाच्या चिठ्ठीवर लिहून थेट ‘झाले’मध्ये लावावे. शुक्रवारी त्या रंगाच्या चिठ्ठ्या इतरांहून अधिक असतील तर ‘हातात’ची मर्यादा तीनऐवजी दोन करणे आणि मॅनेजरशी बोलणे, हे दोनच मार्ग उरतात. बोलताना तक्रारीचा सूर टाळून निवड त्यांच्यासमोर ठेवलेली बरी: ‘हे आज घेतो, त्यासाठी पावतीचे काम गुरुवारपर्यंत थांबेल. तुम्हाला कोणते आधी हवे?’ बोर्ड समोर असला की या प्रश्नाला ‘दोन्ही’ असे उत्तर देणे कठीण जाते.

टीमचा जिरा आणि स्वतःचा बोर्ड असे दोन बोर्ड सांभाळताना होणारा गोंधळही याच सदरात येतो, पण तो लवकर सुटतो. स्वतःच्या कार्डावर जिरातल्या तिकिटाचे (कामाच्या नोंदीचे) शीर्षक उतरवू नये. फक्त तिकिटाचा क्रमांक आणि आपली पुढची कृती लिहावी. तिकिटाची स्थिती काय हे जिरा सांगेल, माझा हात कुठे आहे हे माझा बोर्ड सांगेल. दिवसातून एकदा, शक्यतो स्टँडअपच्या (टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीच्या) आधी, दोन्हींचा मेळ घालावा आणि मग दिवसभर तो विषय सोडून द्यावा.

आणीबाणी आली तर

प्रॉडक्शन बंद पडले असताना मर्यादेची चर्चा कोणी करत नाही, आणि करूही नये. बोर्डाच्या माथ्यावर आणीबाणीसाठी एक आडवी पट्टी ठेवावी, तिच्यात एकाच कार्डाला जागा असावी, आणि ते आत आले की ‘हातात’मधले एक कार्ड उघडपणे बाजूला ठेवावे. ते ठेवताना पुढच्या वेळी सुरुवात कुठून करायची हे लिहिण्यासाठी दोन मिनिटे काढावीत: ब्रँचचे नाव, शेवटी नापास झालेली टेस्ट आणि मनात असलेले पुढचे पाऊल. अर्धवट कोड गिटच्या (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाच्या) स्टॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या कप्प्यात, टाकण्याची सवय मला धोक्याची वाटते, कारण स्टॅश बोर्डावर दिसत नाही आणि ब्रँचच्या यादीतही दिसत नाही. अर्धवट असल्याचा स्पष्ट उल्लेख करून ब्रँचवर कमिट करावे, किंवा गिटच्या २.५ या आवृत्तीपासून उपलब्ध असलेल्या वर्कट्रीचा उपयोग करून आणीबाणीची दुरुस्ती वेगळ्या फोल्डरमध्ये करावी, म्हणजे हातातले काम आहे तसे उघडे राहते.

दुरुस्ती लागू पडली की नाही हे कार्डांच्या संख्येवरून ठरवू नये, कारण संख्या एका शनिवारच्या साफसफाईनेही कमी होते. प्रत्येक कार्डावर ते प्रथम हातात घेतल्याची तारीख लिहावी आणि दर शुक्रवारी ‘हातात’ व ‘थांबलेले’ मिळून सर्वांत जुने कार्ड किती दिवसांचे आहे एवढेच पाहावे. ट्रेलोमध्ये हात न लागलेली कार्डे फिकी करत नेणारी पॉवर-अप आहे आणि जिरामध्ये कार्ड रकान्यात किती दिवस आहे हे ठिपक्यांनी दाखवता येते. कागदावर तारीख पुरते. सर्वांत जुन्या कार्डाचे वय काही आठवडे स्थिर राहिले किंवा घटत गेले, तर रचना काम करते आहे. ते वाढतच असेल, तर त्या एकाच कार्डाला निदानाचे तीन प्रश्न पुन्हा विचारावेत; सगळा बोर्ड बदलण्याची गरज सहसा पडत नाही.

एक अपवाद मात्र आधीच मान्य करून ठेवावा. ऑन-कॉलच्या (बिघाड झाला तर तातडीने पाहण्याची पाळी आपली असते त्या) आठवड्यात वरची कोणतीही मर्यादा टिकत नाही, कारण त्या आठवड्यात येणारे बहुतेक काम आणीबाणीच्या पट्टीतूनच येते. त्या सोमवारी ‘हातात’मधले नव्या कामाचे दोन्ही चुंबक काढून खणात ठेवावेत, फक्त परतीचा चुंबक बोर्डावर राहू द्यावा, आणि स्टँडअपमध्ये या आठवड्यात नवे काम घेणार नसल्याचे सांगून टाकावे.